‘७७६ ते १८९६’ : मधल्या उडीचं काय?

वाई तालुक्यातल्या एका शाळेत नुकत्याच रुजू झालेल्या क्रीडाशिक्षिका विचारतात : सर, आठवी-नववीला ऑलिम्पिकचा इतिहास सांगायचा आहे. माझ्या टिपणात इसवी सनपूर्व ७७६ आणि लगेच पुढच्या ओळीत १८९६. मधे काय झालं? जुन्या ग्रीक स्पर्धांना आंतरराष्ट्रीय म्हणायचं का? आणि पोरं म्हणतात, ‘आपलं काय त्यात?’ त्यांना काय सांगू?

मॅडम, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या मैदानावर पडलेलं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मी पळायचो तेव्हा, म्हणजे १९७४-७५ च्या सुमाराला, आमच्याकडे स्टार्टिंग ब्लॉक, म्हणजे सुटताना पाय टेकवून जोर लावायचे ठोकळे, नव्हते. शर्यतीला येताना प्रत्येक जण घरून खुरपं आणायचा. फक्कीच्या रेघेमागे उकिडवं बसायचं आणि दोन खड्डे खणायचे. पुढचा रेघेपासून दीड-दोन वितींवर, मागचा त्याच्यापासून नडगीच्या अंतरावर, आणि दोन्हींची मागची भिंत तिरकी. माती भुसभुशीत असली की शिट्टीबरोबर भिंत ढासळायची आणि गडी तोंडावर पडायचा. म्हणून आदल्या संध्याकाळी तेवढ्या जागेवर कळशीभर पाणी ओतून माती दाबून ठेवायची. हे शहाणपण मला एका थोरल्या पोरानं शिकवलं, तेही मी एकदा आपटल्यावर.

पुढे शिक्षक झाल्यावर वाचनात आलं, की १९३६ साली बर्लिनला जेसी ओवेन्सनं चार सुवर्णपदकं मिळवली तेव्हा तोही रेघेमागे बसून असेच खड्डे खणत होता. त्याच्या हातात गवंड्याच्या थापीसारखं एक छोटं अवजार होतं, एवढाच फरक. ऑलिम्पिकमध्ये ब्लॉक आले ते १९४८ ला, लंडनमध्ये. पोरांना हे सांगा आणि खुरपं हातात घेऊन सांगा. पुढचा सगळा इतिहास त्या रेघेपाशीच सुरू होतो.

ग्रीसमधल्या ऑलिम्पियाच्या मैदानात ती रेघ दगडाची आहे. जमिनीत लांबलचक दगडी पट्टी बसवलेली आणि तिच्यात दोन समांतर खाचा. पायाची बोटं त्या खाचांत रोवून धावपटू उभे राहायचे. उभेच, वाकून नाही. साधारण वीसेक जण एका वेळी. शर्यत सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे १९२ मीटर. या अंतराला ‘स्टेडियन’ म्हणायचे, आपण जे ‘स्टेडियम’ म्हणतो तो शब्द तिथला. इसवी सनपूर्व ७७६ मध्ये ही शर्यत कोरोइबोस नावाच्या गड्यानं जिंकली आणि तो पेशानं आचारी होता असं जुने लेखक सांगतात. पहिल्या तेरा ऑलिम्पिकमध्ये ही एवढी एकच शर्यत होती, बाकी काही नाही. चौदाव्या वेळी, इसवी सनपूर्व ७२४ ला, जाऊन-येऊन अशी दुहेरी शर्यत आली. ७२० ला लांब पल्ल्याची आली. ७०८ ला कुस्ती आणि पंचक्रीडा आल्या. नंतर मुष्टियुद्ध, रथ, मग चिलखत-ढाल घेऊन पळायची शर्यत.

एक गोष्ट मात्र पोरांच्या डोक्यात नीट बसवा. तिथं वेळ मोजत नव्हते, आणि मोजून उपयोगही नव्हता. ऑलिम्पियाचं मैदान १९२ मीटर तर डेल्फीचं १७७ च्या आसपास. विक्रम ही कल्पनाच नव्हती. दुसरा-तिसरा क्रमांकही नव्हता. जो जिंकला त्याला रानटी ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट, बाकीच्यांना घरचा रस्ता. म्हणून त्या लोकांनी मुकुटच मोजले. ऱ्होड्स बेटावरच्या लिओनिडासनं इसवी सनपूर्व १६४ ते १५२ या चार ऑलिम्पिकमध्ये दर वेळी तीन-तीन अशा एकूण बारा शर्यती जिंकल्या. वैयक्तिक विजयांचा हा आकडा मोडायला मायकल फेल्प्सला २०१६ साल उजाडावं लागलं.

आता, आंतरराष्ट्रीय म्हणायचं का? हो, पण आपल्या अर्थानं नाही. ग्रीस नावाचा देश नव्हताच. अथेन्स, स्पार्टा, कोरिंथ अशी शेकडो नगरराज्यं होती, आपसांत हाडवैर असलेली, आणि त्यांच्या वसाहती सिसिलीपासून काळ्या समुद्रापर्यंत पसरलेल्या. त्या सगळ्यांतून माणसं यायची. पण रेघेवर उभं राहायला तीन अटी होत्या : पुरुष हवा, स्वतंत्र हवा, ग्रीक हवा. मॅसेडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर पळायला आला तेव्हा बाकीचे स्पर्धक म्हणाले, हा परका आहे. त्या राजाला आपलं घराणं मूळचं आर्गोसचं असल्याचं सिद्ध करावं लागलं, तेव्हा कुठं रेघेवर घेतला.

मी इतकी वर्षं पोरं घेऊन तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढतोय. त्यातून एक समजलंय : स्पर्धेचा इतिहास वाचताना कोण जिंकलं हे नंतर बघायचं. आधी दोन गोष्टी बघायच्या. रेघेवर कोणाला उभं राहू दिलं, आणि तिथवरचं भाडं कोणी भरलं. ऑलिम्पियाला जाणाऱ्या खेळाडूला दहा महिने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे आणि स्पर्धेआधी महिनाभर एलिस गावात पंचांच्या नजरेखाली राहावं लागे. तिथून ऑलिम्पियापर्यंत दोन दिवस चालत. आता हिशोब करा, वर्षभर शेत सोडून कोण राहू शकत होतं? आचारी पहिल्यांदा जिंकला खरा, पण पुढे पुढे सुखवस्तू घरातली पोरं जास्त दिसतात, ती उगीच नाही.

‘ऑलिम्पिकच्या काळात युद्धं थांबायची’ हे वाक्य तुमच्या टिपणात असेल, तर खोडा. तह होता, ‘एकेखेइरिया’, म्हणजे हात आवरून धरणं. पण तो जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटेत कोणी हात लावू नये एवढ्यापुरता. आपल्या वारीच्या वाटेवर कोणी वारकऱ्याला अडवत नाही, तसं समजा. युद्धं आपापल्या जागी चालूच. इसवी सनपूर्व ३६४ मध्ये तर पंचक्रीडेतली कुस्ती चालू असतानाच ऑलिम्पियाच्या देवस्थानात एलिस आणि आर्केडियाच्या फौजा एकमेकांना भिडल्या.

त्याच्या आधीचा, इसवी सनपूर्व ४२० चा किस्सा तर पोरांना नक्की सांगा. स्पार्टानं तह मोडला म्हणून त्यांना दंड झाला, दर सैनिकामागे दोन मिना (तिथलं चलन), एकूण दोन हजार मिना. त्यांनी भरला नाही, म्हणून बंदी. मग लिखास नावाच्या स्पार्टन श्रीमंतानं काय करावं? आपला रथ बिओशिया प्रांताच्या नावानं उतरवला. रथ जिंकला, घोषणा बिओशियाची झाली, आणि याला राहवलं नाही. हा मैदानात आला आणि रथ माझा आहे हे दिसावं म्हणून सारथ्याच्या डोक्याला फीत बांधली. पंचांनी त्याला सगळ्यांसमोर फटके दिले. २०२४ ला पॅरिसमध्ये रशियाचे काही खेळाडू देशाच्या झेंड्याशिवाय ‘तटस्थ’ म्हणून उतरले, ते पोरांनी टीव्हीवर पाहिलं असेल. प्रकरण चोवीसशे वर्षांपूर्वीचं आहे.

बायकांचं तर विचारूच नका. विवाहित स्त्रीला स्पर्धा बघायलाही बंदी, सापडली तर कड्यावरून लोटायची शिक्षा. तरी स्पार्टाच्या किनिस्का या राजकन्येनं इसवी सनपूर्व ३९६ आणि ३९२ मध्ये रथाची शर्यत जिंकली. कशी? मुकुट सारथ्याला नव्हे, घोड्यांच्या मालकाला मिळायचा. घोडे तिचे. भाडं तिनं भरलं, म्हणून नाव तिचं.

लबाडीही तेव्हापासूनच. इसवी सनपूर्व ३८८ मध्ये थेसलीच्या युपोलोसनं मुष्टियुद्धात प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले. त्या दंडातून झ्यूस देवाचे ब्राँझचे पुतळे उभारले, मैदानात शिरायच्या वाटेवर. पुढे ज्यानं ज्यानं लबाडी केली त्याच्या दंडातून आणखी पुतळे. असे सोळा चौथरे तिथं अजून आहेत. खेळाडूला रेघेपर्यंत जाताना त्या रांगेसमोरून जावंच लागे. मला ही कल्पना फार आवडते. आपल्याकडे वयाचे खोटे दाखले आणणाऱ्यांच्या नावाचे पुतळे करायचे म्हटले, तर ब्राँझ पुरायचं नाही.

हे मी चेष्टेनं लिहितोय, पण मनात आहे. एका वर्षी चौदा वर्षांखालच्या सहाशे मीटरला माझा पोरगा एका मिशा फुटलेल्या गड्याच्या मागे, हातभर अंतरानं दुसरा आला. मी हरकत घेतली. त्यांचा बोनाफाईड, जन्मदाखला, सगळं चोख. कागदापुढे मिशीला किंमत नाही. ग्रीक पंचांकडे तर दाखलेच नव्हते, मुलगा आणि पुरुष हे ते स्वतः ठरवायचे. ऱ्होड्सच्या निकासिलोसला त्यांनी, हा अठराचा आहे, मुलांच्या कुस्तीत चालणार नाही म्हणून बाहेर काढलं. तो पुरुषांच्या आखाड्यात उतरला आणि तिथं जिंकला. माझ्या त्या पोराला मी हीच गोष्ट सांगितली होती. त्याला त्यातून फारसं समाधान झालं नाही, हेही सांगून टाकतो.

कुस्तीवर आलोच आहे तर एक फरक. ग्रीक कुस्तीत वजनगट नव्हते. मुलं आणि पुरुष, दोनच गट. तीन वेळा पाडलं की जिंकला. सहा वेळा ऑलिम्पिक जिंकणारा क्रोटोनचा मिलो हा अवाढव्य गडी, लहानपणी रोज वासरू खांद्यावर घ्यायचा आणि वासराचा बैल झाला तरी घेत राहिला, अशी त्याची दंतकथा आहे. तिथं सत्तावन्न किलोच्या पैलवानाला काही जागा नव्हती. आपल्या मातीत मात्र ‘जोड’ बघायची रीत जुनी. जत्रेच्या फडात वस्ताद दोन पोरं शेजारी उभी करतात, दंड-मांड्या बघतात, मग हात हातात देतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही मल्लांची वय, अंगलट आणि बळ बघून वर्गवारी केलेली आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, कराडच्या खाशाबा जाधवांपाशी पोचल्यावर लागेल.

आता तुमची मधली उडी. रोमनांनी ग्रीस घेतल्यावर स्पर्धा बंद पडल्या नाहीत, उलट इजिप्त आणि आशिया मायनरचे खेळाडू येऊ लागले. नीरो बादशहानं आपल्या सोयीसाठी स्पर्धा दोन वर्षं पुढे ढकलून इसवी सन ६७ मध्ये घ्यायला लावली, दहा घोड्यांच्या रथातून पडला, शर्यत पुरी केली नाही आणि तरी विजयी ठरला. असे सत्कारमूर्ती आपणही पाहिलेत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती झालेल्या साम्राज्यात थिओडोसियस बादशहानं जुन्या देवांचे उत्सव बंद केले. ऑलिम्पिक ही झ्यूसची जत्राच होती. देवच गेला, मग जत्रा कुठली राहणार. नंतर भूकंप झाले, नद्यांना पूर आले आणि मैदान गाळाखाली गेलं. १८७५ मध्ये जर्मन संशोधकांनी तिथं पद्धतशीर उत्खनन सुरू केलं.

म्हणजे मधली पंधराशे वर्षं माणसं खेळत नव्हती असं नाही. गावोगाव पळणं, उड्या, कुस्त्या चालूच होत्या, आपल्याकडेही आणि युरोपातही. नव्हतं ते एवढंच, की लांबच्या गावची माणसं एका ठरलेल्या दिवशी, एका नियमानं, एका रेघेवर यायची. त्याला आगगाडी, आगबोट, तारयंत्र आणि छापील नियम लागले. ते एकोणिसाव्या शतकात आले. इंग्लंडमध्ये विल्यम पेनी ब्रुक्स या डॉक्टरनं १८५० पासून मच वेनलॉक या आपल्या गावी वार्षिक खेळ भरवले. अथेन्समध्ये झाप्पास या धनिकाच्या पैशातून १८५९ ला खेळ झाले. पिअर द कुबर्तँ हा फ्रेंच उमराव वेनलॉकला जाऊन ते खेळ बघून आला होता. त्यानं १८९४ ला पॅरिसमध्ये परिषद भरवून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती स्थापन केली. सगळं श्रेय कुबर्तँला देतात. त्यात त्या गावच्या डॉक्टरचा वाटा मोठा आहे, आणि तो बिचारा १८९६ च्या स्पर्धेआधी चार महिने वारला.

१८९६ चं अथेन्स म्हणजे आपल्या तालुका क्रीडा स्पर्धेसारखाच कारभार. जुन्या संगमरवरी मैदानात ट्रॅक इतका अरुंद, की वळणं केसातल्या आकड्यासारखी. पळायचे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, आजच्या उलट. शंभर मीटरच्या रेघेवरचा फोटो मिळाला तर वर्गात दाखवा. कोणी ताठ उभा, कोणी काठीवर टेकल्यासारखा आणि अमेरिकेचा टॉमस बर्क हात जमिनीला टेकून वाकलेला. तोच जिंकला, १२ सेकंदांत. दगडी खाचेत बोटं रोवून उभा असलेला ग्रीक आणि खुरप्यानं खड्डा खणणारा मी, यांच्या मधला दुवा तो फोटो आहे.

मॅरेथॉनही तिथंच जन्मली. फिडिपिडीस मॅरेथॉनहून अथेन्सला पळत आला, ‘जिंकलो’ म्हणाला आणि मेला, ही गोष्ट लढाईनंतर कित्येक शतकांनी लिहिलेली आहे. त्या काळाच्या सर्वांत जवळचा हेरोडोटस सांगतो तो धावक अथेन्सहून स्पार्टाला, सव्वादोनशे किलोमीटरांवर, मदत मागायला गेला होता. १८९६ ला शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची होती. साताऱ्याहून कोरेगावला जाऊन परत या, जवळपास तेवढं. जिंकला स्पिरिदोन लुईस, पाणी वाहून नेणारा. ४२.१९५ हा चमत्कारिक आकडा १९०८ च्या लंडनचा. शर्यत विंडसर किल्ल्यापासून सुरू होऊन मैदानात राजघराण्याच्या कक्षासमोर संपवायची होती, तेवढं अंतर भरलं. पुढे १९२१ ला तेच कायम केलं. यवतेश्वरच्या घाटात दर वर्षी हाफ मॅरेथॉन पळणारे २१.०९७५ चा हिशोब करतात, तो इंग्लंडच्या राणीच्या सोयीचा अर्धा.

आता रेघेवरची नवी अट बघा. ग्रीकांची ‘ग्रीक हवा’ गेली आणि ‘हौशी हवा’ आली. खेळातून पैसा मिळवलेला माणूस चालणार नाही. ऐकायला उदात्त. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या नियमांत कारागीर आणि मजूर यांना ते मजूर आहेत म्हणूनच वगळलेलं होतं. पुढे तो शब्द गाळला, पैशाची अट ठेवली. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे त्याला हौस परवडते. जिम थॉर्प या मूळ अमेरिकी रहिवासी खेळाडूनं १९१२ ला पेंटॅथलॉन (पाच खेळांची) आणि डेकॅथलॉन (दहा खेळांची) दोन्ही जिंकली. सुटीत थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळला होता, एवढ्यावरून पुढच्या वर्षी पदकं काढून घेतली. १९८२ ला परत केली, तेव्हा तो मरून २९ वर्षं झाली होती. हाच नियम आपल्या फडात शब्दशः लावला असता तर काय झालं असतं? नारळावरच्या कुस्तीपासून सुरू करून पुढे इनामाच्या कुस्त्या मारत, त्या पैशातून बदाम-तूप आणणारा आमच्या भागातला एकही पैलवान हौशी ठरला नसता. १९७० नंतर ही अट हळूहळू सुटत गेली.

भारताची गोष्टही भाड्यापासूनच सुरू होते. दोराबजी टाटांनी पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारे शेतकरी पाहिले, त्यांच्या वेळा बघून ते चकित झाले आणि १९२० च्या अँटवर्पला संघ पाठवायचं ठरलं. खर्चाचा मोठा भार त्यांनीच उचलला. त्या संघात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले होते, मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. मोठ्या बुटांची सवय नसलेल्या माणसाचा तो एकोणिसावा क्रमांक मला आजही मोठा वाटतो.

मग खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर, जन्म १५ जानेवारी १९२६. तोच दिवस आता आपल्या राज्याचा क्रीडा दिन आहे. १९४८ ला लंडनला ५२ किलोत सहावे आले. मातीत वाढलेला पैलवान, मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीचा अनुभव नाही. मातीत पाय रुततो, मॅटवर सटकतो. मातीत चीतपट होईपर्यंत खेळायचं, तिथं घड्याळ आणि गुण. ती लंडनवारी कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं झाली. १९५२ च्या हेलसिंकीसाठी मात्र दारोदार वर्गणी. गाववाल्यांनी दिली, कराडकरांनी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. हा आकडा फळ्यावर लिहा आणि तेव्हाच्या शिक्षकाचा पगार किती असेल, ते पोरांना घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा.

हेलसिंकीत ५७ किलोच्या गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको, जर्मनीच्या पैलवानांना हरवलं. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव. एक लांबलेली लढत संपवून बाहेर येतात तो लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी पुकारा झाला. नियमानं मधे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ते ठणकावून सांगायला आपला एकही पदाधिकारी तिथं हजर नव्हता. दमलेला पैलवान उतरला आणि हरला. ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. परत आल्यावर शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती सगळे सांगतात. मला मात्र तो न मिळालेला अर्धा तास डाचतो. पोरांबरोबर स्पर्धेला जाताना मी एकदाही चहाला लांब गेलो नाही, त्याचं कारण तेच.

मुलींच्या बाबतीत अट आणखी चिवट निघाली. १८९६ ला एकही बाई नाही. १९२८ ला अॅम्स्टरडॅममध्ये पहिल्यांदा ट्रॅकवर घेतल्या. ८०० मीटरची शर्यत जर्मनीच्या लिना राडकेनं २ मिनिटं १६.८ सेकंदांत जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, तर वर्तमानपत्रांनी ‘निम्म्या कोसळल्या’ असं छापलं. खरं तर नऊच्या नऊ जणींनी शर्यत पुरी केली होती. तेवढ्यावर ही शर्यत १९६० पर्यंत बंद. त्याआधी १९१२ ला स्टॉकहोममध्ये पोर्तुगालचा लाझारो पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये पळताना कोसळून दगावला होता. पुरुषांची मॅरेथॉन कोणी बंद केली नाही.

फार लांब जायला नको. ऐंशीच्या दशकात एका जिल्हा स्पर्धेत मुलींची तीन हजार मीटर चालू होती, साडेसात फेऱ्या. पाच झाल्यावर एका पंचानं हात आडवा करून शर्यत थांबवली, ‘ऊन झालंय, पोरी पडतील.’ पुढे असलेली पोरगी माझी नव्हती, दुसऱ्या शाळेची होती. ती थांबलीच नाही. रिकाम्या ट्रॅकवर उरलेल्या अडीच फेऱ्या पळाली आणि रेघ ओलांडून सरळ आपल्या चपला घ्यायला गेली. वेळ कोणी नोंदवली नाही.

म्हणून माझ्या मते ललिता बाबरची गोष्ट खाशाबांच्या शेजारी सांगायला हवी. माण तालुक्यातलं मोही, पाण्याचा टँकर येणाऱ्या भागातलं गाव. तिचा प्रकार तीन हजार मीटर स्टीपलचेस : अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या. पुरुषांसाठी स्टीपलचेस ऑलिम्पिकमध्ये १९०० ला आली. बायकांना कधीपासून? २००८. आठच वर्षांनी, २०१६ ला रिओमध्ये, ललितानं प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पी. टी. उषा १९८४ ला सेकंदाच्या शंभराव्या भागानं ब्राँझ हुकली, तीही चारशे मीटर अडथळ्यात, आणि तोही प्रकार बायकांसाठी त्याच वर्षी सुरू झाला होता. रेघ आखली गेली की आपल्या पोरी तिथं पोचायला वेळ लावत नाहीत, रेघ आखायलाच वेळ लागतो. मुलींना अडथळा समजवायचा तर बाक आडवा ठेवा, उंची ७६.२ सेंटिमीटर हवी. पाण्याच्या उडीसाठी आम्ही जून-जुलैत मैदानाच्या कोपऱ्यात साचणारं डबकं वापरायचो. काचा आहेत का ते आधी हातानं चाचपून बघायचं.

सांगली बाजूची पोरं वर्गात असतील तर मुरलीकांत पेटकरांचं नाव घ्या, पेठ-इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागण्याआधी ते मुष्टियोद्धा होते. नंतर पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण आणलं. ही स्पर्धा सुरू झाली एका इस्पितळाच्या हिरवळीवर. १९४८ ला लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होतं त्याच दिवशी डॉ. लुडविग गुटमान यांनी स्टोक मँडेव्हिलला जखमी सैनिकांची तिरंदाजी भरवली, सोळा स्पर्धक. त्याच सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीत १६.३२ मीटरवर रौप्य मिळवलं. आणि तिरंदाजीचं म्हणाल तर साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ ला बर्लिनमध्ये सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. ओवेन्सनं खड्डे खणले त्याच शहरात.

आता तासाला प्रत्यक्ष काय कराल ते सांगतो. तुमच्या शाळेच्या मैदानात १९२ मीटरची सरळ रेघ बसणार नाही, गावच्या माळावर जा. डांबरी रस्ता नको. पायानं मोजू नका, टेप न्या. दोन टोकांना फक्की मारा. सुरुवातीच्या रेघेवर दोन बोटं खोल अशी खाच पोरांकडूनच करून घ्या. सगळ्यांना अनवाणी, उभ्यानं पळवा. स्टॉपवॉच घरी ठेवा. पहिल्याला कडुलिंबाची डहाळी, दुसऱ्याला काही नाही. मग परत चालत येऊन तीच शर्यत खुरप्यानं खड्डे खणून, वाकून. मी हे केलं तेव्हा पहिल्या शर्यतीत दुसरा आलेला पोरगा इतका रुसला, की डबाही खाल्ला नाही. त्याची तयारी ठेवा, आणि फक्की सादळलेली घेऊ नका, गुठळ्या होतात.